निघून जाण्यासाठी निवडलेला क्षार

मटेरियल सायन्सचा कुठलाही शोधनिबंध घ्या. त्यातला सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे प्रयोगपद्धती. वाचक सारांश वाचतो, आलेख पाहतो आणि थेट निष्कर्षावर जातो. कुठला क्षार किती ग्रॅम घेतला, कशात विरघळवला, किती अंशांवर किती तास भाजला, हा तपशील बारीक टाइपात पडून राहतो. पण बॅटरी, सुपरकपॅसिटर, हायड्रोजननिर्मिती, कृत्रिम इंधन किंवा चुंबकीय भुकट्या यांवरचे निबंध घेऊन तो बारीक टाइप चिकाटीने वाचला, तर एक नाव पुन्हा पुन्हा समोर येतं : कोबाल्ट नायट्रेट हेक्साहायड्रेट. निबंधाच्या शीर्षकात ते जवळजवळ कधीच नसतं. कारण साधं आहे. प्रयोग संपतो तेव्हा तो क्षार उरलेलाच नसतो.

पुढची पानं या क्षाराविषयी आहेत, आणि ओघाने कोबाल्टच्या क्लोराइड, सल्फेट, ॲसिटेट या इतर क्षारांविषयीही. धातू म्हणून कोबाल्टवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. खाणी, राजकारण, मोटारी या निमित्तांनी तो वर्तमानपत्रांतही येतो. प्रयोगशाळेतल्या बाटलीतला कोबाल्ट मात्र सहसा कुणाच्या लिहिण्यात येत नाही.

बाटली उघडली की आत डाळिंबाच्या दाण्यांच्या रंगाचे स्फटिक दिसतात. दिसायला कोरडे, पण वजनाने निम्म्याहून बरंच कमी 'कामाचे'. या क्षाराचा एक मोल म्हणजे २९१ ग्रॅम. त्यात कोबाल्ट ५९ ग्रॅमच्या आत. किलोभर क्षार विकत घेतला तर हाती जेमतेम २०० ग्रॅम धातू लागतो, बाकी सगळं पाणी आणि नायट्रेट. शिवाय हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो. जुलै महिन्यात मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत तो वजनकाट्यावर ठेवला की काट्याचा शेवटचा आकडा स्थिर होत नाही, डोळ्यांदेखत वर सरकत राहतो, आणि स्फटिक बटर पेपरला चिकटू लागतात. मग ओव्हनमध्ये घालून वाळवावा म्हटलं तर तेही जमत नाही. ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो स्वतःच्याच पाण्यात वितळून लालसर पाक होतो. म्हणून जाणते लोक वजनाच्या भानगडीत पडत नाहीत. ते एकदाच मोठं द्रावण करून ठेवतात, म्युरेक्साइड हा दर्शक घालून ईडीटीएने त्याचं टायट्रेशन करतात, खरा कोबाल्ट किती आहे ते बाटलीवर लिहितात आणि पुढे पिपेटने मोजून घेतात. हे सगळं माहीत असूनही निबंधांत '२.९१० ग्रॅम' असं तीन दशांशांपर्यंत छापलेलं असतं. त्या तिसऱ्या दशांशावर कुणी विश्वास ठेवत असेल असं वाटत नाही.

या लाल रंगाला कारणीभूत आहे पाणीच. कोबाल्टच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू बसले की रंग गुलाबी ते लाल दिसतो. ते पाणी हटलं आणि त्याच्या जागी चार क्लोराइड आयन आले की रंग गडद निळा होतो. झां एलो या फ्रेंच रसायनज्ञाने १७३७ मध्ये याच बदलाचा उपयोग अदृश्य शाईसाठी दाखवला होता : फिकट गुलाबी द्रावणाने लिहिलेलं कागदावर दिसत नाही, कागद शेकला की अक्षरं उमटतात, ओल लागली की पुन्हा पुसट होतात. बुटांच्या आणि कॅमेऱ्यांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांतले निळे मणी ओल शोषून गुलाबी होत, तेही कोबाल्ट क्लोराइडमुळेच. आता त्यांची जागा बहुतेक ठिकाणी नारिंगी मण्यांनी घेतली आहे. त्यामागचं कारण पुढे येईलच.

एलोच्या दोनच वर्षं आधी, १७३५ च्या सुमारास, स्वीडनमध्ये गेऑर्ग ब्रांट याने काचेला निळा रंग देणारा पदार्थ बिस्मथ नसून एक वेगळाच धातू आहे हे दाखवून दिलं होतं. प्राचीन काळापासून माहीत असलेल्या धातूंना शोधकर्ता नाही. शोधणाऱ्याचं नाव ठाऊक असलेला पहिला धातू हा. पुढे १७८० मध्ये स्वेन रिनमान याने जस्ताबरोबर हिरवा रंग मिळवला आणि १८०२ मध्ये लुई जाक थेनार याने ॲल्युमिना आणि कोबाल्टचे क्षार एकत्र भाजून चित्रकारांना स्वस्त आणि टिकाऊ निळा रंग दिला.

महाराष्ट्रातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना हे दोघे नावाने ठाऊक नसले तरी हाताने ठाऊक असतात. सॉल्ट ॲनालिसिसच्या प्रॅक्टिकलमध्ये कोळशाच्या खळग्यात पांढरा अवशेष उरला की त्यावर कोबाल्ट नायट्रेटचे एकदोन थेंब टाकायचे आणि फुंकनळीने ज्योत मारायची. निळा आला तर ॲल्युमिनियम, हिरवा आला तर जस्त, गुलाबी आला तर मॅग्नेशियम. जर्नलमध्ये 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने भरले की विषय संपतो. पण त्या खळग्यात जे घडलं ते अनुमानापेक्षा मोठं आहे. क्षारातलं पाणी उडालं, नायट्रेट वायू होऊन गेला, उरलेला कोबाल्ट ॲल्युमिनाच्या जाळीत शिरून बसला आणि स्पिनेल रचनेचा एक नवा पदार्थ तयार झाला. अकरावी-बारावीतल्या मुलाने नकळत केलेलं ते मटेरियल सिंथेसिस आहे. संशोधनात याच कृतीच्या हजार तऱ्हा आहेत, फरक एवढाच की तिथे कोळसा नसतो आणि रंगाऐवजी क्ष-किरणांचा आलेख पाहतात.

नायट्रेटच का, हा प्रश्न इथे विचारायला हवा. संशोधकाला हवा असतो फक्त कोबाल्ट. पण तो नुसता आणता येत नाही; त्याला विरघळवायचं, हव्या जागी न्यायचं, तर सोबत एखादा ऋण आयन लागतो. नंतर तो सोबती जायला हवा, आणि तो कसा जातो यावर पुढचं सगळं ठरतं. क्लोराइड स्वस्त आणि हाताळायला सोपा, पण तो मागे रेंगाळतो. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर त्याचा लेशमात्र अंश राहिला तरी क्रियाशीलता घटते आणि पोलादी नळ्या गंजतात. सल्फेट भाजून घालवायला फार तापमान लागतं, आणि गंधक तर धातूच्या उत्प्रेरकांसाठी विषच. ॲसिटेट जळून जातो, म्हणून सोल-जेल पद्धतीत त्याला मान आहे, पण हवा कमी पडली तर तो कार्बन मागे ठेवतो. नायट्रेटचं तसं नाही. फ्यूम हूडखाली क्रूसिबल तापवत नेलं की आधी लाल पाक उकळतो, फुगतो, जांभळट होतो. मग तपकिरी वाफा निघू लागतात. ३०० अंशांच्या आत सगळं शांत होतं आणि तळाशी काळी भुकटी उरते. तीन कोबाल्टमागे चार ऑक्सिजन असलेलं हे ऑक्साइड. एक ग्रॅम भुकटीसाठी साधारण ३.६ ग्रॅम क्षार खर्ची पडतो. मागे काही घाण राहत नाही.

पण जाताना तो काय करतो? या प्रश्नावर एक अख्खी कारकीर्द घालवता येते, आणि लोकांनी घालवली आहे. त्याचं उत्तम उदाहरण कृत्रिम इंधनाच्या क्षेत्रात मिळतं.

जर्मनीतल्या म्यूलहाइम गावी १९२० च्या दशकात फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून द्रव इंधन बनवण्याची प्रक्रिया बसवली. रूर खोऱ्यात कोळसा उदंड आणि देशात तेल नाही, अशी ती परिस्थिती. १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या कारखान्यांत कोबाल्टचा उत्प्रेरक वापरला गेला : कीझेलगूर नावाच्या सच्छिद्र मातीवर कोबाल्ट बसवायचा आणि सोबतीला थोडं थोरियमचं ऑक्साइड. आज कतारमधल्या रास लाफान इथला 'पर्ल' हा प्रकल्प नैसर्गिक वायूपासून दिवसाला सुमारे १,४०,००० बॅरल द्रव उत्पादनं काढतो, त्याच्याही पोटात कोबाल्टच आहे.

प्रयोगशाळेत असा उत्प्रेरक बनवण्याची कृती ऐकायला बाळबोध वाटते. सिलिका किंवा ॲल्युमिनाची सच्छिद्र भुकटी घ्यायची, तिची छिद्रं जेवढं पाणी पितात तेवढंच कोबाल्ट नायट्रेटचं द्रावण थेंबाथेंबाने घालायचं, वाळवायचं, भाजायचं, शेवटी हायड्रोजनमध्ये तापवून ऑक्साइडचा धातू करायचा. कुठे काही बिघडण्यासारखं दिसत नाही. पण कण मोजले की लक्षात येतं : छिद्रांत सगळीकडे सारखा पसरलेला कोबाल्ट भाजताना गोळा होऊन मोठमोठ्या गुठळ्या झालेला असतो. महागडा धातू गुठळीच्या आत अडकला तर त्याचा काही उपयोग नाही, कारण काम चालतं ते पृष्ठभागावर.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात क्रेय्न डी योंग यांच्या गटाने या गुठळ्यांचा माग काढला. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की दोष हवेत भाजण्यात आहे. नायट्रेट मोडताना जे वायू आणि ऑक्सिजन निघतात, ते विघटनाचा वेग वाढवतात आणि धातू जागचा हलतो. हवेऐवजी हीलियममध्ये थोडं नायट्रिक ऑक्साइड मिसळून तोच नमुना भाजला, तर विघटन संथ होतं आणि कण चार-पाच नॅनोमीटरचे, नीट विखुरलेले राहतात. क्षार तोच, वजन तेच, तापमान तेच. बदलली ती फक्त क्षाराच्या निरोपाची हवा.

गंमत अशी की याच गटाने त्याच्या वर्षभर आधी, २००६ मध्ये, एक थंड पाण्याचा सपकाराही मारून ठेवला होता. कण जितका लहान तितका चांगला, हे सगळेच धरून चालले होते. कार्बनच्या तंतूंवर निरनिराळ्या मापांचे कोबाल्टकण बसवून पाहिल्यावर दिसलं की सहा-आठ नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर क्रियाशीलता वाढायच्या ऐवजी पडते. म्हणजे गुठळ्या नकोत आणि फार बारीकही नको. शिवाय ॲल्युमिनावर काम करणाऱ्याच्या डोक्याला आणखी एक ताप असतो : भट्टी जरा जास्त तापली की कोबाल्ट ॲल्युमिनात शिरतो आणि थेनारचा तो निळा तयार होतो. चित्रकाराच्या लेखी तो ठेवा, उत्प्रेरकवाल्याच्या लेखी नुकसान. त्या निळ्यातला कोबाल्ट हायड्रोजनला सहजासहजी दाद देत नाही.

याच्या अगदी उलट स्वभावाची पद्धत भारतात घडली. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये के. सी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला दाखवलं की नायट्रेटचं ऑक्सिडीकारक असणं हे सांभाळायचं संकट मानायची गरज नाही, ते उलट कामाला लावता येतं. धातूंचे नायट्रेट आणि युरिया एकत्र करून थोड्या पाण्यात विरघळवायचे, बशी ५०० अंशांच्या मफल फर्नेसमध्ये सरकवायची. द्रावण उकळतं, फसफसून फुगतं आणि अचानक पेट घेतं. ज्वालेचं तापमान भट्टीच्या कितीतरी वर जातं, पाचेक मिनिटांत खेळ आटोपतो आणि बशीत फुलून आलेली हलकी भुकटी राहते. ॲल्युमिनियम नायट्रेटबरोबर कोबाल्ट नायट्रेट घातलं तर ती निळी असते. ज्या पदार्थासाठी सिरॅमिकवाले तासन्‌तास हजार अंशांवर भट्टी चालवत, तो इतक्या कमी वेळात, आणि महागड्या उपकरणाशिवाय.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ही पद्धत आणि तिचा सायट्रिक आम्लावर चालणारा प्रकार रुजला, याचं इंगित त्या 'उपकरणाशिवाय' मध्ये आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात कोबाल्ट आणि लोखंडाचे नायट्रेट सायट्रिक आम्लाबरोबर आटवून, जेल पेटवून फेराइटच्या चुंबकीय भुकट्या बनवण्याचं काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भर राहिला तो पातळ थरांवर. तिथे भौतिकशास्त्र विभागात सी. डी. लोखंडे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कोबाल्ट क्लोराइडचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारून कोबाल्ट ऑक्साइडचे थर बसवले आणि सुपरकपॅसिटर म्हणून त्यांची चाचणी घेतली. निर्वात कक्ष नाही, लेझर नाही. फवारणीचा नोझल, हीटर आणि हात बसलेला संशोधक. कोट्यवधींची यंत्रं नसताना जगाच्या निबंधांत जागा मिळवायची तर क्षाराच्या रसायनावर हुकमत लागते, आणि ती इथल्या मुलांनी कमावली. असे निबंध आता इतके झाले आहेत की त्यांतले बरेचसे एकमेकांसारखे वाटतात, हेही म्हणायला हवं. फुलासारखा कण, सुईसारखा कण, पाकळीसारखा कण, आणि प्रत्येक वेळी 'उत्कृष्ट' धारणक्षमता.

बॅटरीची कथा अधिक परिचित आहे. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि जपानहून आलेले कोइची मिझुशिमा यांनी लिथियम आणि कोबाल्टचे कार्बोनेट एकत्र दाबून हवेत ९०० अंशांवर भाजले आणि लिथियम कोबाल्ट ऑक्साइड बनवलं. लिथियमच्या तुलनेत चार व्होल्ट देणारं हे द्रव्य १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत गेलं, आणि २०१९ मध्ये गुडइनफ यांना स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. मोबाइलच्या बॅटरीत आजही प्रामुख्याने हेच द्रव्य असतं. मोटारींच्या बॅटरीत मात्र कोबाल्ट वाटून घ्यावा लागतो : निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. सुरुवातीला तिघांचा वाटा सारखा होता, पुढे ८:१:१ पर्यंत खाली आणला गेला. या तिघांना अणूच्या पातळीवर एकजीव करायचं तर कोरड्या भुकट्या कुटून भागत नाही. तिघांचे सल्फेट पाण्यात विरघळवून नायट्रोजनच्या आवरणाखाली ढवळत्या टाकीत सोडतात, सोबत कॉस्टिक सोडा आणि अमोनिया. सामू अकराच्या आसपास धरून ठेवला की हळूहळू वाटोळे, दहाएक मायक्रॉनचे कण वाढतात. सामू जरा हलला की माल वाया. इथे सल्फेट चालतो, कारण तो भाजून घालवायचा नसतो, पाण्याने धुऊन काढायचा असतो. आणि टनावारी माल घेताना नायट्रेट परवडतही नाही. एकाच धातूचा कुठला क्षार घ्यायचा हे विज्ञान जितकं ठरवतं तितकाच खरेदी विभागही ठरवतो.

या सगळ्यात मनाला भुरळ घालणारा प्रयोग मात्र सर्वांत सोपा होता. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मॅथ्यू कॅनन आणि डॅनियल नोसेरा यांनी उदासीन सामूच्या फॉस्फेट द्रावणात चिमूटभर कोबाल्टचा क्षार घातला, त्यात वीजवाहक काचेची पट्टी बुडवली आणि साधारण १.३ व्होल्टचा दाब दिला. पारदर्शक पट्टीवर काळपट थर चढू लागला आणि त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटू लागले. पाण्याचं विघटन करताना अवघड बाजू ऑक्सिजनचीच असते. त्यासाठी एरवी तीव्र अल्कली किंवा इरिडियमसारखा दुर्मीळ धातू लागतो. इथे ते काम साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला झालं. पुढे असंही दिसलं की थरातून सुटलेला कोबाल्ट फॉस्फेटच्या उपस्थितीत पुन्हा पट्टीवर येऊन बसतो, म्हणजे थर स्वतःची डागडुजी स्वतः करतो. कोबाल्टच्या द्रावणातून ऑक्साइडचा थर बसवता येतो आणि तो ऑक्सिजन सोडतो, ही निरीक्षणं १९०२ इतकी जुनी आहेत. नवं होतं ते सौम्य परिस्थितीत हे साधणं आणि त्याचं कारण उलगडणं. २०११ मध्ये याच थराला सिलिकॉनच्या सौरघटाशी जोडून 'कृत्रिम पान' तयार झालं. तारा न जोडता त्याची कार्यक्षमता होती २.५ टक्के. नोसेरांच्या कंपनीत टाटा समूहानेही पैसा घातला होता. पण कंपनी पुढे पानं सोडून बॅटरीकडे वळली आणि २०१४ मध्ये विकली गेली. प्रयोग सुंदर असला म्हणजे हायड्रोजन स्वस्त होतोच असं नाही.

त्यानंतर कोबाल्टच्या ऑक्साइडवर ऑक्सिजन काढणाऱ्या निबंधांचा पूर आला, आणि त्या पुरात एक अडचणीचा प्रश्न ओरेगन विद्यापीठातून आला. शॅनन बोएचर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अशुद्धी म्हणून असणारं लोखंड हळूच कोबाल्टच्या थरात शिरतं आणि त्याची क्षमता बदलून टाकतं. थरात लोखंडाचं प्रमाण मुद्दाम वाढवत नेलं, तर शुद्ध कोबाल्टच्या तुलनेत क्रियाशीलता सुमारे शंभर पट होते. मग आधीच्या किती निबंधांत श्रेय कोबाल्टचं होतं आणि किती न मोजलेल्या लोखंडाचं? तेव्हापासून काळजी घेणारे लोक काचेऐवजी प्लास्टिकची भांडी वापरतात, अल्कली आधी शुद्ध करून घेतात आणि क्षाराच्या बाटलीवरचे नऊ मोजतात : ९९.९ की ९९.९९९. तो बारीक टाइपातला मजकूर पुन्हा वाचायची वेळ आली ती अशी.

ज्याला एकच प्रयोग डोळ्यांनी पाहायचा असेल त्याने झिफ-६७ पाहावा. मिथेनॉलमध्ये कोबाल्ट नायट्रेटचं गुलाबी द्रावण एका बीकरमध्ये, २-मिथाइलइमिडाझोलचं रंगहीन द्रावण दुसऱ्यात. एकात दुसरं ओतलं की क्षणात जांभळा रंग येतो, काही मिनिटांत द्रावण गढूळ होतं. एक दिवस तसंच ठेवून सेंट्रिफ्यूज केलं, मिथेनॉलने धुतलं, की गडद जांभळी भुकटी मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली बारा समचतुर्भुज पृष्ठांचे रेखीव स्फटिक. भट्टी नाही, दाब नाही. धातू आणि सेंद्रिय रेणू यांची ही सच्छिद्र जाळी २००८ मध्ये ओमर याघी यांच्या गटाने इतर अनेक जाळ्यांबरोबर जाहीर केली. त्या निबंधाचे पहिले लेखक राहुल बॅनर्जी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरीच वर्षं संशोधन करत होते. अशा जाळ्यांच्या रसायनासाठी २०२५ चं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि याघी यांना मिळालं. ऊर्जा संशोधकांचा मात्र या देखण्या स्फटिकांशी व्यवहार जरा क्रूर असतो. ते त्यांना निष्क्रिय वायूत सात-आठशे अंशांवर जाळतात. इमिडाझोलचा नायट्रोजनयुक्त कार्बन होतो, त्यात कोबाल्टचे कण अडकतात, आणि हायड्रोजन असेल तर त्या कणांवरून कार्बनच्या नळ्या बाहेर फुटतात. इंधनघटात ऑक्सिजनचं पाणी करायला प्लॅटिनमऐवजी असा कोळसा चालतो का, याचा हा शोध. त्याची सुरुवात १९६४ मध्ये रेमंड जासिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनिनवर केलेल्या कामाशी जोडली जाते.

रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटांतही कोबाल्टने आयोडीनला बाजूला सारलं आणि २०११ मध्ये मायकेल ग्रेट्झेल यांच्या गटाने कार्यक्षमतेचा १२ टक्क्यांचा टप्पा ओलांडला, एवढा उल्लेख इथे पुरे.

आता निळ्या मण्यांचं कारण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पाण्यात विरघळणारे कोबाल्टचे क्षार 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आहेत. कोबाल्ट क्लोराइडवर युरोपने त्याआधीच बंधनं आणली होती. हृदयावरचा परिणाम तर जग त्याच्याही आधी पाहून चुकलं होतं. १९६५-६६ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरात बिअरचा फेस टिकावा म्हणून तिच्यात कोबाल्टचा क्षार मिसळला जात होता, आणि रोज भरपूर बिअर पिणाऱ्यांपैकी अनेकांचं हृदय निकामी होऊन काही दगावले. हाच धातू ब१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागी असतो आणि त्याच्यावाचून शरीराचं चालत नाही. मात्रेचा प्रश्न आहे. प्रयोगशाळेत याचा अर्थ असा : हातमोजे घालायचे, भुकटी उडू द्यायची नाही, भाजणं फ्यूम हूडखालीच, आणि गुलाबी पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. सोडा घालून कोबाल्ट खाली बसवायचा आणि तो साका घातक कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. आपल्याकडच्या प्रयोगशाळांतला हा डबा भरतो किती आणि रिकामा कुठे होतो, यावर मात्र निबंधांत ओळ नसते.

बाटलीच्या अलीकडचा प्रवास तर आणखी मोठा. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांहून अधिक काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो, तोही बहुतांशी तांब्याच्या खाणीतलं उपउत्पादन म्हणून. कोल्वेझीच्या परिसरात हाताने खोदणारे हजारो लोक आहेत, त्यांत मुलंही सापडली आहेत. शुद्धीकरणाचा सिंहाचा वाटा चीनकडे. २०२५ च्या फेब्रुवारीत काँगोने निर्यातच थांबवली आणि त्याच वर्षी पुढे कोटा पद्धत आणली. प्रयोगशाळेला लागतात ते शे-दोनशे ग्रॅम, पण त्यावर जमलेली कृती कारखान्यात गेली की टनांचा हिशेब सुरू होतो, म्हणून कोबाल्टवर संशोधन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं ध्येय आता कोबाल्ट कमी करणं हेच आहे.

दुसरा मार्ग जुन्या बॅटऱ्यांतून जातो. भारताच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटऱ्या चिरडून निघणारी काळी भुकटी सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात, द्रावकाने निकेल आणि कोबाल्ट वेगळे करतात आणि शेवटी कोबाल्ट सल्फेटचे तांबूस स्फटिक काढतात. या स्फटिकांबरोबर तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम यांचा थोडाफार अंश येतो. तो पाच नऊंपर्यंत शुद्ध करत नेला तर खर्च आणि सांडपाणी दोन्ही वाढतात. म्हणून काही गट आता उलट दिशेने प्रयोग करतात : शुद्ध सल्फेटच्या द्रावणात मोजून अशुद्धी घालायच्या, त्यापासून कॅथोड बनवायचा आणि शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज करून पाहायचं. ॲल्युमिनियम थोडं राहिलं तर बहुधा चालतं. निकेल-कोबाल्टच्या काही कॅथोडमध्ये ते मुद्दामच घालतात. तांबं आणि लोखंड किती खपतं, आणि कुठल्या टप्प्यावर घट एकदम वाढते, याचे आकडे सध्या जमवले जात आहेत.